गोधडी 147 × 210: थर, टाचण आणि निम्म्या रेघा

चार थरांची सुती गोधडी आता निम्म्यावर आली आहे. वरचा ठिगळांचा थर जोडून झाला, चारही थर एकत्र टाचले आणि 140 पैकी मधल्या 70 रेघा (सगळे थर धरून ठेवणाऱ्या धावत्या टाक्यांच्या आडव्या ओळी) घालून झाल्या. ही नोंद मात्र जास्त करून रेघांच्या आधीच्या कामाची आहे. गोधडी हातात घेणारा पहिल्यांदा टाके बघतो, पण ती किती वर्षं टिकणार हे आतले थर आणि टाचण ठरवतात. त्या दोन कामांत घाई झाली तर पुढे कितीही बारीक टाके घाला, ती सावरत नाही.

साड्यांची निवड

लागलेला माल: दोन सुती सहावारी (प्रत्येकी साडेपाच मीटर), एक जुनी सुती नऊवारी (आठ मीटरच्या वर) आणि ठिगळांसाठी शर्ट, परकर, ब्लाउजपीस यांचे तुकडे. साड्यांचा पन्हा, म्हणजे रुंदी, 115 सेंटिमीटर.

साडी सगळीकडे सारखी विरत नाही. निऱ्यांचा भाग, बसताना ताण पडतो तो मागचा भाग आणि खांद्यावरची घडी आधी जाते. आत खोचलं जाणारं टोक बहुतेक वेळा धडधाकट असतं. म्हणून आधी साडी खिडकीसमोर धरून पूर्ण लांबीभर बघायची आणि उजेड जास्त येतो तिथे खडूने खूण करायची. मग दोन्ही अंगठे पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवून कापड उभ्या आणि आडव्या धाग्यात ओढायचं. बारीक ‘चर्र’ आवाज आला, तर तो भाग गोधडीत घेऊ नये. आवाज न होता नुसते धागे सरकून फट पडली, तर तो मधल्या थरात चालतो, वर किंवा खाली नाही.

टेरिलीन, नायलॉन, जॉर्जेट अजिबात नको. घाम शोषत नाही हे एक कारण झालंच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे ते सुती थरांमध्ये घसरतं. टाचलेलं असलं तरी रेघ घालताना इंचभर पुढे जातं आणि शेवटी एका कडेला गोळा होतं.

खळ पूर्ण निघेपर्यंत धुवायचं. रात्रभर साध्या पाण्यात, मग गरम पाणी आणि साबण. खळ राहिली तर सुई अडते. रंग जाण्याची परीक्षा वेगळी: ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबायची. लाल, मरून आणि गडद निळ्या तुकड्यांची ही परीक्षा चुकवू नये. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होतो यावर विसंबू नका. पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुणं हाच उपाय, आणि तरीही रंग सोडत असेल तर तो तुकडा बाजूला. नवं मांजरपाट वापरणार असाल तर तेही आधी धुऊन आटवून घ्या. जुनी साडी आटून बसलेली असते, नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि जुन्याला चुण्या पाडतं.

कापणी

नऊवारीचा एक काठ सर्वांत आधी, सलग आठ मीटर, सोडवून ठेवला आहे. गोधडीचा घेर 714 सेंटिमीटर आहे, म्हणजे गोटाला (कडेभोवतीच्या पट्टीला) मधे जोड द्यावा लागणार नाही. साडीचे तुकडे पाडल्यावर हे सुचून उपयोग नसतो. काठ सुतीच हवा. जरीचा काठ घडीवर तुटतो आणि हनुवटीला टोचतो.

मग साडीच्या लांबीत 155-155 सेंटिमीटरचे तुकडे. सहावारीतून तीन निघतात, नऊवारीतून पाच. त्यातले विरलेले वगळायचे. खालचे तीन थर 155 × 217 ठेवले आहेत, म्हणजे वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी साडेतीन-चार सेंटिमीटर जास्त. एका पन्ह्यात 217 भरत नाहीत, तेव्हा प्रत्येक थराला सांधा येणारच. तिन्ही सांधे एकावर एक आले तर गोधडीच्या मधोमध कायमचा उंचवटा बसतो. त्यामुळे मांडणी अशी:

सर्वांत खालच्या थरात अख्खा पन्हा मध्यभागी, आणि दुसरा तुकडा अर्धा करून वर-खाली. सांधे मशीनवर, एक सेंटिमीटर दाब (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) ठेवून. दुसऱ्या थरात वरून 115, खाली 104, दोन सेंटिमीटर एकावर एक. तिसऱ्यात उलट, वर 104, खाली 115. या दोन आतल्या थरांचे सांधे शिवायचे नाहीत, नुसते ठेवायचे. रेघा त्यांना धरतात. कापलेली कड काठाखाली सारायची, काठावर काठ कधीच नको. विरलेले तुकडे तिसऱ्या थरात न जाता दुसऱ्यात गेले आहेत. तिसरा थर ठिगळांना लागून असतो. वरचं ठिगळ झिजलं की वापराचा घासा त्यालाच बसतो, तो भक्कम हवा.

ठिगळं

चौकोन 12 सेंटिमीटरचे, दाब पाऊण सेंटिमीटर, म्हणजे जोडल्यावर साडेदहा. आडवे 14, उभे 20, एकूण 280. मशीनवर 11 नंबरची सुई, टाका अडीच मिलिमीटर. ओळी जोडताना शेजारच्या ओळींचे दाब विरुद्ध बाजूंना इस्त्री केले की कोपरे एकमेकांत बसतात. खणाचे तुकडे कडेला फार उसवतात. त्यांना मागून मलमलचा तुकडा लावून एक सेंटिमीटर दाब ठेवला, म्हणजे ते अर्धा सेंटिमीटर मोठे कापावे लागले.

साडेदहाचा चौकोन मुद्दाम घेतला आहे. दीड सेंटिमीटरवर एक रेघ धरली तर एका चौकोनात बरोबर सात रेघा बसतात. पहिली शिवणीपासून पाऊण सेंटिमीटरवर टाकायची. त्यामुळे एकही रेघ आडव्या शिवणीवरून जात नाही, आणि शिवणीलगतच्या रेघेखाली दाबाची मोकळी कड धरली जाते. उभ्या शिवणी ओलांडाव्या लागतातच. तिथे सुईवर टाके गोळा न करता एकेक टाका घ्यायचा.

टाचण

फरशी झाडून-पुसून कोरडी. खालचा थर उलटा अंथरून कडा चिकटपट्टीने फरशीला लावायच्या. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून लावलेला थर पट्टी काढताच मागे येतो आणि वरच्या थरात फुगे येतात. प्रत्येक थर मधून कडेकडे लाकडी पट्टीने सारखा करायचा, मगच पुढचा.

कच्चे टाके चार-पाच सेंटिमीटरचे, पांढऱ्या सुती दोऱ्याने. रंगीत दोऱ्याचा रंग टाक्याच्या भोकात उतरू शकतो. आधी मधून चारही कोपऱ्यांकडे, नंतर 12 ते 15 सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या ओळी. गाठी वरच्या बाजूला ठेवल्या की नंतर काढताना शोधाव्या लागत नाहीत. टाचण्या किंवा सेफ्टी पिना लावून भागवता येतं, पण जुन्या मलमलीवर पिनेचं भोक राहतं आणि घडीत धरलेली पिन थर उचलते. दोऱ्याला पर्याय नाही, असं माझं मत आहे.

रेघा

दोरा: पीळदार सुती, 8 नंबर, साधारण 80 मीटरचा गुंडा. हिशेब असा: 140 रेघा, प्रत्येकी 147 सेंटिमीटर, म्हणजे 206 मीटर. चार थरांतून वर-खाली जाताना दोरा सव्वापट लागतो, म्हणजे 257 मीटर. टोकं वाया जातात ती धरून चार गुंडे. पॉलिस्टरचा दोरा स्वस्त आणि चिवट, आणि म्हणूनच नको. दोरा कापडापेक्षा बळकट असला की ताण आल्यावर कापड चिरतं. सुती दोरा तुटला तर तेवढी रेघ परत घालता येते.

दोन मीटरचा दोरा चार थरांतून सतत ओढला गेला की नेढ्यापाशी पिंजतो. त्यासाठी रेघ मध्यापासून सुरू करायची: अर्धा दोरा तसाच लोंबता ठेवून उजवीकडची कड गाठायची, मग उरलेला अर्धा सुईत ओवून डावीकडे. मधे गाठ येत नाही, आणि प्रत्येक टोक अर्धंच अंतर ओढलं जातं. मेणावरून एकदा फिरवला की पीळही पडत नाही. शेवटी दोन उलटे टाके, सुई थरांमधून तीन सेंटिमीटर आत नेऊन बाहेर काढायची आणि दोरा कापायचा.

टाका वरून पाच-सहा मिलिमीटर, खालून तीन-चार. एका वेळी सुईवर चार-पाच टाके, मधल्या बोटात अंगुस्तान. डावा हात खाली ठेवून सुईचं टोक बोटाला लागतंय ना हे बघत राहायचं; लागलं नाही म्हणजे खालचा थर सुटला.

मधल्या रेघांपासून सुरू करून कडांकडे जाण्याचं कारण फुगा. हात जिकडे सरकतो तिकडे थोडं कापड ढकललं जातं. दोन्ही कडांपासून आत आलं की ते मध्यावर साठतं आणि तिथे चुणी शिवावी लागते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या ठिगळांच्या गोधडीत, उलट चालतं: बाहेरून सुरू करून फिरत मध्याकडे. ते जमतं, कारण तिथे वरचे तुकडे शिवता शिवताच लावले जातात आणि जास्तीचं कापड पुढच्या तुकड्याच्या घडीत मुरतं. आधीच जोडलेल्या ठिगळांच्या थरावर ती रीत चालणार नाही.

आताची मोजणी: शिवलेल्या मधल्या भागाची रुंदी 147 वरून 145 झाली आहे, न शिवलेली टोकं अजून 147. बाजू आत वाकल्यासारख्या दिसतात, पण सगळ्या रेघा झाल्यावर फरक बराच भरून निघतो. म्हणून कडा आत्ता छाटायच्या नाहीत. फरक तीन सेंटिमीटरच्या पुढे गेला तर दोरा आवळला जातोय. रेघ संपली की गाठ मारण्याआधी दोन्ही टोकं धरून कापड एकदा ओढायचं. दोरा जागच्या जागी सैल होतो.

उरलेल्या पट्ट्यांचं विणकाम

विरलेल्या भागांची बसकर लाकडी चौकटीवर चालू आहे, रुंदी 60, लांबी 90. खिळे एक सेंटिमीटरवर, उभा धागा जाड सुती. पट्ट्या तीन सेंटिमीटरच्या, कापून नाही, फाडून. सेंटिमीटरला अडीच-तीन फेरे बसतात, म्हणजे सुमारे 180 मीटर पट्टी. पट्ट्यांना गाठ न मारता टोकं निमुळती कापून आठ-दहा सेंटिमीटर एकावर एक घ्यावीत. कडा आत ओढल्या जाणं हा नेहमीचा त्रास. पट्टी सरळ न टाकता कमानीसारखी वर उचलून टाकली आणि मग फणीने खाली ठोकली की रुंदी टिकते. दर 10 सेंटिमीटरला मोजपट्टी लावून रुंदी 60 आहे का बघायचं. 58 दिसले की तिथेच उसवायचं.

पुढचं काम

उरलेल्या 70 रेघा दोन्हीकडे आळीपाळीने, सात इकडे, सात तिकडे. मग छाटणी आणि गोट. कडा सरळ असल्याने उरेब (तिरक्या धाग्यात कापलेल्या) पट्टीची गरज नाही, सरळ काठ चालतो; कोपऱ्यात घडी घालून हातटाका. कच्चे टाके गोट लागल्यावरच काढायचे. पहिलं धुणं थंड पाण्यात, पिळायचं नाही. वाळत घालताना एका दोरीवर टाकू नये, भिजलेल्या चार थरांचं सगळं वजन मधल्या रेघांवर येतं आणि तिथले दोरे तुटतात. हातभर अंतरावरच्या दोन दोऱ्यांवर पसरायची.