विसर्ग बघून निघायचं: डेलावेअरवरची ट्राउट

पुण्यात वाढलेल्या माणसाला क्युसेक शिकवावे लागत नाहीत. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत किती विसर्ग सोडला, भिडे पूल पाण्याखाली गेला का, हे सकाळच्या चहाबरोबर कानावर पडत आलेलं. त्या ज्ञानाचा उपयोग पुढे अमेरिकेत ट्राउट हा गार पाण्यातला मासा पकडायला होईल, असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. तिथून गाडीने अडीच-तीन तास उत्तरेला गेलं की न्यूयॉर्क राज्यातल्या हॅन्कॉक गावापाशी डेलावेअर नदीचे दोन फाटे एकत्र येतात. दोन्हींवर न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणारी धरणं आहेत: ईस्ट ब्रँचवर पेपॅक्टन आणि वेस्ट ब्रँचवर कॅननसव्हिल. कॅननसव्हिलचा साठा १९६४ पासून वापरात आला. त्यासाठी पाच गावं बुडाली, आणि त्यांतल्याच एकाचं नाव धरणाला दिलं. आपल्याकडच्या धरणांच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी भर जुलैतही इतकं गार असतं की वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायचे छातीपर्यंतचे जलरोधक कपडे, घालूनही पोटऱ्या बधिर होतात. ट्राउटला हेच हवं. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तिची दमछाक सुरू होते, आणि अशा वेळी तिला गळावर खेळवणं म्हणजे मारणंच. ब्राउन ट्राउट मुळात इथली नाहीच, १८८३ साली जर्मनीतून तिची अंडी न्यूयॉर्कला आली. मासा बाहेरचा, थंडावा धरणाचा आणि गळ टाकणारा पुण्याचा, असा सगळा मामला आहे.

परवान्याचं काम सोपं. राज्याबाहेरच्या माणसाला न्यूयॉर्कचा वर्षाचा परवाना ५० डॉलरला पडतो आणि तो घरबसल्या मिळतो. वेस्ट ब्रँचचा खालचा तुकडा न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरून वाहतो, तिथे दोन्हींपैकी कुठल्याही राज्याचा परवाना चालतो. सामान घेताना दुकानदाराच्या नादी लागू नये. नऊ फुटी, पाच वेटचा (म्हणजे पाच नंबरच्या वजनाच्या लाइनसाठीचा) रॉड, साधी रील, वेडर्स, कमरेला घट्ट पट्टा आणि हातात काठी. पट्टा आणि काठी हौसेची नाहीत. घसरलात तर पट्ट्यामुळे वेडर्समध्ये पाणी भरकन शिरत नाही, आणि काठीमुळे मुळात घसरायची वेळ कमी येते.

फेकायला शिकण्यात मात्र एक अख्खा उन्हाळा गेला. फ्लायला, म्हणजे गळावर बांधलेल्या किड्याच्या नकलेला, स्वतःचं वजन असं नसतंच. वजन असतं लाइनला, आणि मागे नेलेली लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबावं लागतं. लहानपणी बॅट धरलेल्या माणसाला ते थांबणं फार जड जातं. घराजवळच्या पार्कात गळ न लावता, टोकाला लोकरीचा तुकडा बांधून मी हात बसवला. फिरायला येणारे गुजराती काका रोज विचारायचे, “मिला कुछ?”

खरा अभ्यास आकड्यांचा. धरणाच्या खाली लगेच स्टाइल्सव्हिलला आणि पुढे हेल एडीला सरकारी मापन केंद्रं आहेत. दर पंधरा मिनिटांची नोंद फोनवर दिसते: किती क्युसेक, पाण्याची उंची किती आणि तापमान किती. माझा हिशोब असा, की पाचशे-सहाशेच्या आत असेल तर पाण्यात उतरून चालता येतं. त्याच्या वर जागा हेरून कडेकडेने, आणि हजाराच्या पुढे गेलं तर गाइडची होडी घ्यावी नाहीतर घरी बसावं. उंची-वजनाप्रमाणे हे बदलेल, मी काही धिप्पाड नाही.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यातच शिरत नव्हती. महिनाभर पाऊस नाही, आजूबाजूचे ओढे कोरडे ठणठणीत, आणि वेस्ट ब्रँच दुथडी! उत्तर १९५४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यात आहे. न्यूयॉर्क शहराला डेलावेअरच्या खोऱ्यातून रोज ८० कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलायची मुभा मिळाली, पण बदल्यात खाली न्यू जर्सीतल्या माँटेग्यूला नदी १,७५० क्युसेकच्या खाली जाऊ द्यायची नाही, अशी अट आली. त्यावर नजर ठेवायला रिव्हर मास्टर नावाचा अधिकारी नेमलेला आहे. पाऊस रुसला की माँटेग्यूचा आकडा घसरतो आणि तो सावरायला वरून धरणातलं पाणी सोडतात. उलट खाली पेनसिल्व्हेनियात धो-धो कोसळला की इथली झडप आवळली जाते आणि परवा कमरेएवढं असलेलं पाणी आज घोट्याला लागतं. कृष्णा आणि गोदावरीच्या लवादांच्या बातम्या वाचलेल्यांना हे लगेच कळेल. मला तरी हवामानापेक्षा हा निवाडाच उपयोगी पडला.

पाणी वाढतं तेव्हा भोंगा वाजेलच असं धरून चालू नये. वर सोडलेलं पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणजे सकाळी फोनवर पाहिलेला आकडा दुपारी तुमच्या पायाशी वेगळाच असू शकतो. मी उतरतो तिथे काठावर, पाण्याच्या अगदी रेषेवर एक दगड ठेवतो. तो बुडला की गुमान बाहेर. हॅन्कॉकमधल्या एका म्हाताऱ्या गाइडकडून उचललेली ही सवय.

मी जास्त करून शरद ऋतूत जातो. शरदच का? उन्हाळ्यात खालची मुख्य नदी तापते, त्यामुळे मासे आणि माणसं दोघंही वेस्ट ब्रँचमध्ये गर्दी करतात. सप्टेंबरच्या रात्री गार झाल्या की मुख्य नदीही निवते, मासे पसरतात आणि पार्किंगला जागा मिळते. मेपलची लाली वगैरे आहेच, पण तीच पानं ऑक्टोबरच्या मध्यावर नदीभर वाहत येतात आणि दर दुसऱ्या फेकीला गळात अडकतात. फोटोत हे दिसत नाही.

शरदातला मुख्य किडा म्हणजे ब्लू-विंग्ड ऑलिव्ह. त्याची नक्कल बांधायची ती वीस किंवा बावीस नंबरच्या गळावर, तांदळाच्या कणीएवढी. चाळिशीनंतर ती दोऱ्यात ओवायला भिंग लागतं. हे किडे ढगाळ, भुरभुर पावसाच्या दिवशी जास्त निघतात, म्हणून लख्ख ऊन पडलं की मी हळहळतो. बायकोला हे अजून पटलेलं नाही.

असाच एक ऑक्टोबरचा दिवस, आकडा चारशेच्या आत, दुपारी झिमझिम. डोहाच्या शेवटी, पाणी उथळ होऊन पुढच्या खळाळाकडे वळतं तिथे, एक नाक वर येत होतं. उसळी नाही, शिंतोडे नाहीत, फक्त एक छोटं वर्तुळ. थोडा वेळ नुसता बघत उभा राहिलो. मासा आपल्या ठरलेल्या धारेतच राहत होता, फूटभरही बाजूला जात नव्हता. अशा संथ पाण्यात अवघड असते ती ओढ: माझ्या आणि माशाच्या मधलं पाणी वेगळ्या गतीने चालतं, लाइन ताणली जाते, फ्लाय तिरकी सरकते आणि ट्राउट तिच्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणून वरच्या अंगाला जाऊन, लाइन थोडी सैल सोडून फ्लाय खाली तरंगत पाठवायची. पुष्कळ वेळा ती त्याच्या डोक्यावरून गेली. मग एकदा वर्तुळ फ्लायच्या जागीच उमटलं.

रॉड उचलला आणि रील किंचाळली. टोकाचा दोरा सहा एक्सचा, अगदी बारीक, म्हणजे जोर करायची सोयच नाही. तो धावला की धावू द्यायचं, थांबला की गुंडाळायचं. जाळ्यात आला तेव्हा दीड फुटाच्या आसपास होता. पोट पिवळंजर्द, पाठीवर काळे ठिपके, कुशीवर मोजके लाल, आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. खालच्या जबड्याचं टोक वर वळलेलं: नर होता, विणीच्या तयारीत. हात ओले करून धरला, चिमट्याने गळ काढला, प्रवाहाकडे तोंड करून थांबलो. शेपटीचा एक फटका माझ्या मनगटावर मारून गेला.

रात्री अलिबागला आईला फोन केला. “अरे, सोडलास? तिखट-मीठ लावून तळायचास की!” मी सांगितलं, १६ ऑक्टोबरपासून इथे पकडलेला ट्राउट सोडावाच लागतो. त्यावर ती म्हणाली, “मग चौदाला जायचंस.”

विणीच्या दिवसांत मी खळाळातल्या बारीक खडीवर पाय ठेवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मादी शेपटीने खडी उकरून अंडी घालते. आजूबाजूचे दगड शेवाळाने काळपट असतात आणि मधेच परातभर जागा घासल्यासारखी उजळ दिसते, तीच तिची जागा. तिथे उथळ पाण्यात मोठे मासे पाठ उघडी टाकून उभे असतात, आणि काही लोक नेमके तिथेच नेम धरतात. कायद्यात बसत असेलही. मला ते बाळंतिणीच्या खोलीत घुसण्याइतकं हीन वाटतं, आणि तोंडावर बोलूनही दाखवलंय. नोव्हेंबर लागला की मी खोल, संथ डोहांकडे वळतो किंवा सरळ सुट्टी घेतो.

घरी आल्यावर शेवटचं काम बुटांचं. या नदीत डिडिमो नावाचं चिवट शैवाल पसरलंय आणि ते ओल्या बुटांवरून दुसऱ्या नदीत जातं. म्हणून बूट आणि वेडर्स गरम पाण्याने घासून पूर्ण वाळेपर्यंत गॅरेजमध्ये टांगायचे. त्यामुळे गाडी बाहेर उभी राहते, आणि त्यावरून घरात जे ऐकावं लागतं ते नॉनरेसिडेंट परवान्याच्या पन्नास डॉलरमध्ये धरलेलं नसतं.