लिफाफा एक, फॉर्म दोन

ब्रिटनमधून युरोपीय संसदेसाठी मतदान व्हायचे दिवस गेले, त्यामुळे या अनुभवाचा आता तसा कुणाला उपयोग नाही. पण २३ मे २०१९ चा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते.

मी गोव्यातल्या पेडण्याची. वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे गोवा पोर्तुगालकडे होता तेव्हाचा; नवऱ्याच्या वडिलांचाही. त्या जोरावर दोघांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढले, भारतीय परत केले आणि इथे आलो. नाव मतदारयादीत होतंच. २ मेला स्थानिक निवडणुकीत मत दिलं, कुणी काही विचारलं नाही.

युरोपच्या मतदानासाठी आमच्यासारख्यांना आणखी एक फॉर्म लागायचा: मी इथेच मत देईन, मायदेशी देणार नाही. (मायदेश म्हणजे पोर्तुगाल! लिस्बन मी फक्त विमानतळापुरतं पाहिलंय.) तो भरायला उशीर केला, हे कबूल. पण निवडणूक होणार की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पंतप्रधान थेरेसा मे बाईंचा युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार संसदेत तीनदा आपटलेला, बाहेर पडणं (ब्रेक्झिट) २९ मार्चवरून १२ एप्रिलवर, तिथून ३१ ऑक्टोबरवर ढकललेलं. निवडणूक नक्की होणार, हे सरकारने सांगितलं ७ मेला. फॉर्मची मुदतही ७ मेच! लायब्ररीत प्रिंट काढले, दोघांनी सह्या केल्या, एकाच लिफाफ्यात घालून संध्याकाळी मी स्वतः कचेरीत नेऊन दिले. पोच मागितली नाही. तुम्ही कुठेही, कसलाही कागद द्या, पोच घ्या.

मतदानाच्या दिवशी कामावरून सुटून सातला केंद्रावर गेलो. टेबलामागच्या बाईंनी यादीवर पट्टी ठेवली, माझं नाव खोडलं, हातभर लांब मतपत्रिका दिली. मग नवऱ्याचं नाव. पट्टी थांबली. त्याच्या नावापुढे ‘जी’ होतं, माझ्या नावापुढे ‘के’. ‘जी’ म्हणजे फक्त स्थानिक मतदान, ‘के’ म्हणजे युरोपचंही. मी म्हटलं, दोघांचे फॉर्म एकत्र दिलेत. बाई म्हणाल्या, यादीत आहे तेच खरं. वरिष्ठांना फोन लावा म्हटलं, तर अर्धा तास लाइन बिझी. मागे रांग वाढायला लागली. शेवटी बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “तुम्ही तुमच्या देशात मत द्या ना.” नवऱ्याने विचारलं, “कुठल्या?” त्यांना ते कळलं नाही.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या कोल्हापूरच्या वहिनी आल्या. भारतीय पासपोर्ट, म्हणजे राष्ट्रकुलच्या (बहुतेक जुन्या ब्रिटिश वसाहतींच्या गटातल्या) नागरिक, त्यांना इथे सगळ्याच निवडणुकांत मत. त्यांना ना फॉर्म, ना अक्षर. दोन मिनिटांत मत देऊन बाहेर. युरोपात हक्क मिळावेत म्हणून आम्ही जो पासपोर्ट परत केला, तोच असता तर नवऱ्याचं मत पडलं असतं. मी दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली तेव्हा हात थरथरत होता.

हो, तेव्हा ओळखपत्र लागत नसे. २०२३ पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, ते विसरू नका. मतदानाच्या आधीच कचेरीत फोन करून आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी मे बाईंनी राजीनामा जाहीर केला. नवरा म्हणाला, माझ्यामुळे नाही हं. मी लेखी तक्रार केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: माझा फॉर्म ७ मेला मिळाला. नवऱ्याचा ८ मेला, सबब मुदतीबाहेर.