कानातले मासे

"माळ आहे का?" देहूला दिंडीत नाव लिहून घेताना विणेकरी बुवांनी विचारलं.

"नाही."

"मासमच्छी?"

"खातो. पंढरपूरपर्यंत बंद."

बुवा गालात हसले. "बरं. टाळ धरता येतो का?" तोही येत नव्हता. मग त्यांनी मला पाण्याच्या कॅनवर नेमलं.

आमच्या घरात माळ कुणीच घातली नाही. आबांची जमीन उजनी धरणात गेली. इंदापूर तालुक्यातली, भीमेकाठची काळी जमीन. पाणी चढलं तसे आबा वर सरकले आणि त्याच पाण्यात गळ टाकायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आपल्याच शेतात बसलोय." अण्णा त्यांच्या शेजारी बसून शिकले. पुढे साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर म्हणून लागले. गळीत हंगामात तिन्ही पाळ्या, दिवाळीसुद्धा कारखान्यात. रोलरच्या आवाजाने एक कान जवळजवळ गेलाच होता. हंगाम संपला की दुरुस्तीची कामं उरकून संध्याकाळी काठावर. कणकेत चिमूटभर हिंग मळलेलं आमिष, बांबूची काठी, आणि दोरीला मोरपिसाचा देठ बांधलेला. तो देठ पाण्यावर उभा राहतो. मासा शिवला की आधी थरथरतो, मग आडवा होतो. "थरथरताना ओढायचं नाही," एवढंच अण्णांनी मला शिकवलं, आणि तेच मला कधी जमलं नाही.

पंचाईत ही, की वारी आणि चढणीचे मासे एकाच वेळी येतात. पहिल्या पावसात ओढ्यानाल्यांतून मासा पाण्याच्या उलट वर चढतो, त्याच दिवसांत तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघून आमच्या तालुक्यात शिरते. आबा आणि अण्णा दोघंही दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी चालायचं. आणि ओढ्याला लाल पाणी आलं की काठी घेऊन बाहेर.

पण पालखी आली की एक दिंडी आमच्या अंगणात टेकायची. त्याच्या आदल्या दिवसापासून घरात मासा नाही. अण्णा चिंच आणि राखेने हात घासायचे, वास घ्यायचे, पुन्हा घासायचे. मगच चहाचे कप उचलायचे. एकदा एका म्हाताऱ्या वारकऱ्याचे पाय चेपता चेपता त्यांनी कबूल करून टाकलं, "महाराज, मी मासे धरतो." म्हातारा म्हणाला, "धरा की. पाय जरा जोरात चेपा."

माळकऱ्यांनी टोकलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं असे. "तुमच्या विठोबाच्या कानातच मासे आहेत. मकरकुंडलं म्हणता ना? बघा नीट." मकर म्हणजे मगर की मासा, हा वाद आमच्या ओट्यावर मी लहानपणापासून ऐकला. विठ्ठलाचे कान जवळून कुणीच पाहिलेले नसायचे, त्यामुळे तो कधी मिटला नाही.

अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं. मी पुण्याहून रजा काढली, मोरपिसाचा तो देठ पाकिटात ठेवला आणि निघालो. लोणी काळभोर, यवत. रोटी घाटात दोन्ही टाचांना फोड. दिंडीतल्या एका मावशींनी सुईने फोडातून दोरा ओवला आणि तसाच ठेवला. पाणी दोऱ्यावाटे निथळतं, कातडी निघत नाही. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण झालं. लिहिण्यासारखं बरंच आहे, पण मला खरी आठवते ती त्यानंतरची एक रात्र.

कीर्तनात तुकोबांचा सासरी निघालेल्या लेकीचा अभंग होता. तीच ती, मागे वळून वळून बघणारी. त्याच्या शेवटी पाण्याबाहेरची मासोळी येते. लोक डोळे पुसत होते. मला मात्र आमचं अंगण आठवलं. असाच अभंग चालू असताना अण्णा मध्येच उठून विहिरीकडे गेले होते. मी मागोमाग गेलो तर म्हणाले, "बुवा चांगले गातात. पण त्यांनी तळमळ बघितलीय का? मी रोज बघतो." मी दहा-अकरा वर्षांचा, मला काय बोलावं कळेना. पण त्यांचा गळाला लागलेला मासा काठावर तडफडत पडलेला मी कधी पाहिला नव्हता. ते तो तिथल्या तिथे मारायचे, एका फटक्यात, तोंड फिरवून. आबांचीही तीच रीत. दयाळूपणा म्हणावा तर दुसऱ्या मिनिटाला गळाला नवं आमिष लावलेलं असे.

सराटीला पादुकांचं नीरास्नान. सगळी गर्दी पादुकांकडे सरकली. माझी नजर पुलाच्या खांबांकडे गेली. खांबाच्या मागे पाणी मंद होऊन गोल फिरतं, दमलेला मासा तिथे थांबतो. पाकिटातला देठ इथे सोडावा म्हणून मी हातात घेतला. मग वाटलं, अण्णा म्हणाले असते, चांगला देठ वाया कशाला घालवतोस? परत ठेवला.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग पार गावाबाहेर गेलेली. मी मुखदर्शन घेतलं. लांबून, माणसांच्या डोक्यांवरून, दोन-तीन सेकंद. मुकुट दिसला, तुळशीचे हार दिसले, मी टाचा उंचावून कान शोधले, तोवर "चला माऊली, चला" म्हणत कुणीतरी पुढे ढकललं.

बाहेर येऊन आईला फोन लावला.

"दर्शन झालं?"

"झालं."

"कान दिसले?"

"नाही गं. हारांत झाकलेले."

आई जरा वेळ गप्प. "मग काय उपयोग," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पदस्पर्शाच्या रांगेत लाग. मी पण येते."