कादंबरीची नोंदवही: मधल्या भागाचा खर्डा आणि आत शिरण्याचा खर्च

मधल्या भागाचा पहिला खर्डा झाला. ‘झाला’ म्हणायची आपली एक पद्धत; दोन प्रसंगांच्या जागी अजून कंसात नुसतं ‘इथे भांडण’ लिहिलेलं आहे. पण मोठी बहीण घर सोडून गेली, पत्र भलत्याच माणसाच्या हाती पडलं आणि निवेदन एकदाचं धाकट्या भावाकडे गेलं. मागच्या नोंदीतला मामेभाऊ काढून टाकला. निरोप आणण्यापलीकडे त्याला काही काम नव्हतं. ते आता शेजारीण करते, आणि त्याच्यापेक्षा खोचकपणे करते.

नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांच्या गप्पा हटकून वेळेवर येतात. किती वाजता उठता, रोज किती शब्द होतात, सुट्टीच्या दिवशी बसता का. मला हल्ली वाटतं, वेळेची टंचाई हा अर्धाच प्रश्न आहे. खरा खर्च कादंबरीत पुन्हा शिरण्याचा. दिवसभर थकबाकीच्या याद्या आणि ताळमेळ बघून झाल्यावर रात्री फाईल उघडली, की निम्मी बैठक ‘ही बाई चिडली होती ती नेमकी कशावरून’ हे शोधण्यातच जाते. कथा लिहिताना हे एवढं जाणवत नव्हतं. कथेचा सगळा पसारा एका नजरेत मावतो. कादंबरीचा मावत नाही, आणि चार दिवस खंड पडला तर आपल्याच पात्रांशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

अँथनी ट्रॉलप या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कादंबरीकाराचं उदाहरण या बाबतीत सगळे देतात. ब्रिटिश टपाल खात्यातली नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलापाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला 250 शब्द. त्याच्या मृत्यूनंतर 1883 मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यानेच हे लिहून ठेवलंय. मात्र त्याच पानांतली दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रोजच्या तीन तासांतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात घालवायचा. म्हणजे आत शिरण्याचा खर्च त्यालाही होता, फक्त त्याने तो हिशोबात धरला होता. माझी बैठक तासाभराचीही नसते, त्यात अर्धा तास वाचनाला दिला तर लिहायला काय उरणार? शिवाय त्याला पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला नोकर होता, त्या कामाचे नोकराला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आगगाडीत पेन्सिलीने लिहिलेल्या मजकुराची प्रत बायको करून द्यायची. शिस्तीचं कौतुक जरूर करावं, पण या दोघांची नावंही हजेरीपटावर लिहावीत.

तर सध्या माझा सगळा प्रयत्न तो अर्धा तास पाच-सात मिनिटांवर आणण्याचा आहे. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो हँडओव्हरचा. रजेवर जाताना टेबलावरचं काम सहकाऱ्याला लिहून देतो, तसं उठण्याआधी उद्याच्या मला लिहून ठेवायचं. पुढे काय घडणार हे त्यात लिहीत नाही, ते आराखड्यात असतंच. कोणाला काय माहीत आहे आणि कोण काय लपवतंय, एवढंच. परवाची नोंद अशी होती: ‘वहिनी दाराशी. तिने पत्र वाचलंय, पण ते दिराला कळू द्यायचं नाही. पुढचं वाक्य दिराचं, किल्लीबद्दल.’ दुसऱ्या दिवशी फाईल उघडली आणि थेट किल्लीवर आले. वाक्य अर्धवट तोडून उठायचा सल्ला पुष्कळजण देतात. मला तो मानवत नाही. त्या अर्ध्या वाक्याचा सूर रात्रीत उतरतो आणि सकाळी ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं.

याचंच थोरलं भावंड म्हणजे एक्सेलमधला तक्ता. आडवी प्रकरणं, उभी पात्रं, आणि प्रत्येक चौकोनात त्या माणसाला तोवर काय कळलंय ते. कथानक एखाद्या पत्राभोवती फिरत असेल तर याला पर्याय नाही. वयं आणि तारखांचा तक्ता बहुतेकजण ठेवतात, त्याची आठवण मला तरी क्वचित होते. हा मात्र रोज उघडते.

संवाद बरेचदा भांडी घासताना सुचतात, तेव्हा फोनवर बोलून घेते. मराठी व्हॉइस टायपिंग शब्द बऱ्यापैकी ओळखतं, पण विरामचिन्हं नसतात, पात्रांच्या नावांचं भजं होतं आणि दोघांचं बोलणं एकाच ओळीत येतं. म्हणून प्रत्येक वाक्याआधी बोलणाऱ्याचं नाव घ्यायची सवय लावली. हा चिखल निवडायला बसलं की त्या निवडण्यातच सूर सापडतो. दुरुस्ती करता करता माणूस आत पोचलेला असतो.

महिनाअखेरीला नवीन प्रसंग लिहायचा नाही, हे ठरवून टाकलंय. ते दिवस फक्त वाचायचे, शुद्धलेखन बघायचं, नावं तपासायची. नाहीतर ऑफिसची भाषा झिरपते. मागे एकदा दीर भर भांडणात ‘आपल्या माहितीसाठी’ असं म्हणाला होता.

घरच्यांच्या बाबतीत एवढंच सांगते: कधी बसणार यापेक्षा कधी उठणार ते सांगावं. पावणेदहाला उठणार म्हटल्यावर नवराही निवांत आणि मुलगीही. मुलगी 9.44 ला दारात येऊन उभी राहते, तो भाग वेगळा.

शब्दसंख्या विचारणाऱ्यांसाठी: मोजणं बंद केलंय. महिन्यात 50,000, म्हणजे रोजचे साधारण 1,667, हे ‘नॅनोरायमो’ या महिन्याभरात कादंबरी लिहून काढण्याच्या उपक्रमामुळे रुळलेलं माप इंग्रजीचं आहे. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच लिहितात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत भरतो आणि उगाच मागे पडल्यासारखं वाटतं. आता प्रसंग मोजते. आठवड्याला एक पूर्ण झाला की पुरे.

तिसरा भाग सगळा धाकट्या भावाच्या तोंडून आहे. त्याची वाक्यं तुटक हवीत आणि बहिणीचा लांबलचक सूर अजून हातातून जात नाही. निवेदक बदलताना मध्ये काही दिवस मुद्दाम खंड घेता, की त्याच बैठकीत उडी मारता? दोन निवेदकांवर काम केलेल्यांनी सांगावं.