कॉम्पॅक्ट की डीएसएलआर? आधी लेन्स बघा

सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) मोठा म्हणून डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घ्यावा, हा हिशेब अर्धवट आहे. सोनी आरएक्स१०० मार्क ३ या कॉम्पॅक्टचा (छोटा, लेन्स कायमची बसवलेला कॅमेरा) सेन्सर १३.२ × ८.८ मिमी, निकॉन डी३५०० या डीएसएलआरचा २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ तिपटीहून जास्त. पण सोनीची लेन्स वाइडला (झूम न करता) एफ/१.८ पर्यंत उघडते, निकॉनची कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमी किट लेन्स एफ/३.५ ला अडते. एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. जवळपास दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश)! घरातल्या ट्यूबलाइटमध्ये सोनी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ८०० वर भागवतो, तिथे निकॉनला ३२०० लागतो. मोठ्या सेन्सरचा फायदा तिथेच संपला.

म्हणून किट लेन्सवरच थांबणार असाल, तर माझं मत सरळ कॉम्पॅक्टला. डीएसएलआर घ्यायचाच तर ३५ किंवा ५० मिमी एफ/१.८ लेन्सचे पैसे आधीच बाजूला काढा. मात्र डी३५०० च्या बॉडीत लेन्स फिरवणारी फोकस मोटर नाही. स्वस्तात मिळते म्हणून बॉडीतल्या मोटरवरच चालणारी जुनी ५० मिमी ‘डी’ लेन्स आणलीत, तर ऑटोफोकस चालणारच नाही. लेन्सवर ‘एएफ-एस’ (मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं बघूनच घ्या.

कॉम्पॅक्टचं खरं दुखणं धूळ. आतबाहेर सरकणारी लेन्स ती आत ओढते आणि सेन्सर घरी साफ करता येत नाही. जुना कॅमेरा घेताना एफ/११ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर सोडून द्या.