भुताचे घारगे

उद्या हॅलोविन. इथे न्यू जर्सीत दारोदार कोरलेले भोपळे बसलेत. आज लेकीनेही एक कोरला. एक दात तुटला, त्यामुळे आमचं भूत बोळकं. (आयर्लंडात पूर्वी सलगम कोरायचे. केवढा हट्टीपणा!)

गर टाकवेना, म्हणून किसून गुळात शिजवला, घारगे करायला घेतले. पण कोरायचा भोपळा पाणचट निघाला. गूळ वाढवला, तांदळाची पिठी घातली, कणीक ओततेय ओततेय, तरी गोळा सैलच. शेवटी हातावर थापूनच तळले. बिया मात्र तिखटमीठ लावून ओव्हनमध्ये मस्त कुरकुरीत झाल्या.

आईला व्हिडिओ कॉलवर भूत दाखवलं. म्हणाली, "अगं, यात बसूनच म्हातारी लेकीकडून परत आली ना?"

आता लेक त्यात बाहुली बसवून बघतेय.