'मला काय होतंय' म्हणणाऱ्यांनी फ्लूची लस घ्यावी का?

दरवर्षी फ्लूच्या लसीचा विषय निघाला की ठणठणीत माणसांचं उत्तर ठरलेलं असतं, मला काय होतंय, माझी इम्युनिटी चांगली आहे. आणि त्यांचं म्हणणं सगळंच चूक नाहीये. तिशी-चाळिशीतला माणूस, बीपी नाही शुगर नाही दमा नाही, त्याला फ्लू झाला तर आठवडाभर अंथरूण धरेल आणि उठून कामाला लागेल, जिवावर बेतायची शक्यता फार कमी. मी तरीही दरवर्षी घेते. का घेते ते एकदा सविस्तर लिहायचंच होतं, कारण या विषयावर दोन्हीकडून जे बोललं जातं त्यात फुगवलेलं खूप असतं आणि त्याने लोकांचा विश्वास उडतो.

पहिलं म्हणजे लसीकडून अपेक्षा काय ठेवायची. "घेतली तरी सर्दी झालीच" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! अहो होणारच, नाक गळणं, घसा खवखवणं, शिंका हे बहुतेक वेळा रायनोव्हायरस आणि त्याच्यासारख्या दुसऱ्याच व्हायरसचं काम असतं आणि त्यांच्यावर ही लस चालतच नाही. फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा. तो बहुतेकदा अचानक येतो, सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी तापाने फणफणतो, अंग असं मोडून येतं की कूस बदलवत नाही, आणि ताप गेल्यावरही खोकला नि थकवा कितीतरी दिवस रेंगाळतो. लस फक्त याच्यासाठी आहे, आणि याच्यावरही ती पूर्ण चालत नाही हे सरळ सांगायला पाहिजे. लस आणि फिरणारा व्हायरस चांगले जुळले त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू व्हायचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. नाही जुळले तर खूपच कमी. २०१४-१५ च्या सीझनला अमेरिकेत हा आकडा २० टक्क्यांच्याही खाली गेला होता, कारण लसीतला एच३एन२ (फ्लूच्या व्हायरसचा एक प्रकार) ठरवून झाला आणि त्यानंतर बाहेरचा एच३एन२ बदलला.

दरवर्षी का घ्यायची त्याचं उत्तरही इथेच आहे. या व्हायरसच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रोटीन असतं, आपल्या अँटिबॉडीज मुख्यतः तेच ओळखतात, आणि ते थोडं थोडं बदलत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, जगभरातल्या लॅबमधून आलेले नमुने बघून पुढच्या सीझनला कुठले स्ट्रेन, म्हणजे व्हायरसचे उपप्रकार, फिरतील याचा अंदाज बांधतात, मग पुढे सहा महिने लस बनवण्यात जातात (अजूनही बरीचशी लस कोंबडीच्या अंड्यांमध्ये व्हायरस वाढवूनच बनते) आणि तेवढ्यात व्हायरस थांबलेला नसतो. हा धडा जुनाच आहे, १९४० च्या दशकात अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क, हो तेच पोलिओवाले साल्क, यांनी सैन्यासाठी ही लस तयार केली, ती चांगली चालली, आणि १९४७ मध्ये व्हायरस इतका बदलला की तीच लस जवळजवळ निकामी ठरली. वर आपल्या अँटिबॉडीजही काही महिन्यांत उतरायला लागतात ते वेगळंच.

जाता जाता एक गोष्ट, मला ती फार भारी वाटते. इन्फ्लुएन्झा बी हाही फ्लूच्या व्हायरसचा एक प्रकार, त्याची यामागाटा नावाची एक शाखा होती, मार्च २०२० नंतर ती जगात कुठे फिरताना पक्की सापडलेलीच नाही, बहुधा कोविडच्या काळात लोक घरात बसल्यामुळे ती साखळीच तुटली. म्हणून चार स्ट्रेनच्या लसी आता पुन्हा तीन स्ट्रेनच्या व्हायला लागल्यात.

आता धडधाकट माणसाला स्वतःला फायदा किती, तर वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये सगळे जुने अभ्यास एकत्र करून पाहिलं. लस न घेतलेल्या निरोगी प्रौढांत एका सीझनला साधारण २.३ टक्के लोकांना फ्लू झाला, घेतलेल्यांत ०.९ टक्के. म्हणजे ७१ जणांनी घेतली तर त्यातल्या एकाचा फ्लू टळतो. हा आकडा बघून लसवाले लोक अस्वस्थ होतात आणि विरोधक नाचतात, मला दोन्ही पटत नाही. फायदा छोटा आहे पण खरा आहे, आणि बदल्यात द्यायचंय काय तर एक इंजेक्शन, दिवस दोन दिवस दुखरा दंड, कधी थोडी कणकण. नुसतं स्वतःपुरतं बघितलं आणि एखाद्याने नको म्हटलं तर मी त्याला बेजबाबदार म्हणणार नाही. देशांचंही एकमत कुठे आहे, अमेरिकेत २०१० मध्ये सहा महिन्यांवरच्या सगळ्यांनाच दरवर्षी घ्यायचा सल्ला आला, तर ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने ती मुख्यतः ६५ च्या पुढचे, गरोदर बायका, जुने आजार असलेले आणि मुलं यांना मिळते.

पण स्वतःपुरतं बघून हा प्रश्न सुटत नाही, माझं खरं म्हणणं हे आहे. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो पसरवू शकतो, म्हणजे "आजारी पडलो की लांब राहीन" हे मनापासून ठरवलं तरी उशीर झालेला असतो. आणि घरात जे नाजूक असतात त्यांचीच अडचण मोठी, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, म्हाताऱ्या माणसांना दिली तरी त्यांचं शरीर तेवढ्या जोराने प्रतिसाद देत नाही, केमो चालू असलेल्यांचं तसंच. जगात दरवर्षी २,९०,००० ते ६,५०,००० माणसं फ्लूमुळे श्वसनाच्या आजाराने जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात मोठा भाग म्हाताऱ्यांचा आणि आधीच आजारी असलेल्यांचा असतो. कॅनडातल्या हटराइट लोकांच्या (वेगळ्या वस्त्या करून एकत्र राहणारा एक ख्रिस्ती पंथ) वस्त्यांमध्ये एक सुंदर अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला. काही वस्त्यांत फक्त मुलांना फ्लूची लस दिली, बाकीच्या वस्त्यांतल्या मुलांना तुलनेसाठी हिपॅटायटिस ए ची, आणि फ्लूची लस दिलेल्या वस्त्यांमध्ये लस न घेतलेल्या बाकी लोकांनाही सुमारे ६० टक्के संरक्षण मिळालं. ती मुलं होती, मोठी माणसं नव्हेत, आणि मुलं फ्लू जास्त पसरवतात हे मान्य, पण तुमच्या दंडातली लस शेजारच्या माणसाला वाचवू शकते हे यातून स्पष्ट दिसतं. माझ्या आईला शुगर आहे, बाबांचं हृदयाचं दुखणं आहे, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाते. मला ७१ चा हिशोब पुरेसा नाही वाटत.

आणि "हेल्दी" कोण हे तरी नक्की माहीत असतं का? कितीतरी जणांना बीपी किंवा शुगर असते आणि पत्ताच नसतो, तपासलेलंच नसतं. कॅनडातल्याच ओंटारिओमधल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लू पक्का झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट आढळलं. ते लोक जास्त करून वयस्कर होते हे खरं, तरी शेवटचं चेकअप कधी केलं ते आठवत नसेल तर मला काय होतंय म्हणताना जरा थांबा.

भीतीबद्दल थोडक्यात. इंजेक्शनच्या लसीत जिवंत व्हायरस नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही, नंतर कणकण येते ती शरीर काम करतंय म्हणून. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, त्या काळात लागण झाली तर खापर लसीवर फुटतं. गिलियन बॅरे सिंड्रोमची (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) भीती मात्र हवेतली नाही, १९७६ च्या अमेरिकेतल्या स्वाइन फ्लू लसीनंतर दर लाखामागे साधारण एक जादा केस दिसली होती. आताच्या लसींमध्ये धोका असलाच तर तो दहा लाखांत एक-दोन इतका, आणि फ्लू झाल्यानंतरही तोच आजार होऊ शकतो. ज्यांना तो पूर्वी झालाय किंवा आधीच्या डोसला जोरदार ॲलर्जी आली होती त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

घ्यायची ठरवली तर सीझन सुरू व्हायच्या आधी दोन-चार आठवडे घ्या, तुमच्याकडे सीझन कधी असतो ते डॉक्टरांना विचारा कारण गरम प्रदेशात तो थंडीतच येईल असं नाही. आणि एक, लस घेऊनही ताप आलाच तर घेतलीये ना मग काय, असं म्हणत म्हाताऱ्या माणसांजवळ किंवा बाळाजवळ जाऊ नका, मास्क लावा, वेगळ्या खोलीत झोपा, आणि घरात कोणी नाजूक असेल तर पहिल्या ४८ तासांतच डॉक्टरांना फोन करा कारण ओसेल्टामिविरसारखं फ्लूच्या व्हायरसवरचं औषध तेवढ्या वेळात सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.